अध्यक्षांना मोजायचं नाही

हर्डीकरकाकांना चहा हवा का असं विचारलं, की ते आधी विचारायचे, "हा निर्णय घरात कुणाचा?" मी माझाच म्हटलं, की माझ्या नवऱ्याकडे वळायचे. "आणि तुमचा व्हेटो?" त्याने मान हलवून नकाराधिकार सोडला, की मगच कप हातात घ्यायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले त्या दिवशी हे तीनदा झालं: चहाला, पोह्यांना आणि पुन्हा चहाला. आमची ईशा तेव्हा सहा वर्षांची होती. मराठी घरांत असंच विचारतात, असं तिला बरेच दिवस वाटत होतं.

हे २००२ सालचं. आम्ही लंडनमध्ये, क्रॉयडनला नुकतंच घर घेतलं होतं आणि मी एका विमा कंपनीत आकडेमोडीचं काम करत होते. काका तेव्हा निवृत्त झाले होते. इथल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांना त्यांनी सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यात अमेरिकेची राज्यघटना हा एक भाग होता, आणि काकांचा जीव त्या भागात होता. प्रत्यक्ष अमेरिकेला ते एकदाच गेले, नऊ दिवसांसाठी. त्यातले दोन त्यांनी घटनेचा मूळ कागद पाहण्यात घालवले. पहिल्या दिवशी नीट पाहू दिला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. नलूकाकू हे सांगायच्या तेव्हा काका दुसरीकडे बघायचे.

ज्या देशात चाळीस वर्षं राहिले, त्या देशाची घटना एका जागी लिहिलेली नाही, हे त्यांना कायम खुपायचं. म्हणायचे, "इथे सगळं सभ्यपणावर चाललंय. सभ्यपणा संपला, तर काय उघडून वाचणार?" म्हणूनच आमचं महाराष्ट्र मंडळ सुरू झालं तेव्हा त्याची घटना त्यांनी स्वतः लिहिली. अकरा पानं. समितीने निर्णय घ्यायचा. अध्यक्षाला तो लेखी कारण देऊन नाकारता येईल. आणि हजर असलेल्या घरांपैकी दोन तृतीयांश घरांनी ठरवलं, तर अध्यक्षाचा नकार रद्द. प्रत्येक घराला एक मत, अध्यक्षाला मत नाही. गणपती आणि दिवाळीपुरतं मंडळ, त्याला एवढं कशाला, असं लोक म्हणायचे. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "माणसं चांगली आहेत तोवरच नियम लिहून घ्यावेत. भांडण लागल्यावर लिहिलेला नियम नसतो, तो डाव असतो."

नलूकाकू शनिवारी दहा ते बारा चर्चच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घ्यायच्या. २००४ मध्ये त्या गेल्या. नंतर दोघी आयांनी वर्ग चालवला, पण मुलं कमी होत पाचवर आली. पुढच्या वर्षी समितीने ठरवलं, की ती वेळ नाचाच्या क्लासला द्यावी. नाचासाठी एकतीस नावं आली होती. पाच आणि एकतीस हा तक्ता मीच करून दिला होता. हॉलला दुसरी वेळ शिल्लक नव्हती, म्हणजे काकूंचा वर्ग बंद.

त्या वर्षी काकाच अध्यक्ष होते. त्यांनी आयुष्यात एकदाच व्हेटो वापरला, तो तेव्हा. कारण दोन ओळींचं होतं. बहुमताला नाच कुठेही मिळेल, या पाच मुलांना मराठी दुसरीकडे मिळणार नाही. पत्रात काकूंचं नाव नव्हतं.

सभा भरली. मतं मोजायचं काम माझ्याकडे होतं. चाळीस घरं आली होती, आणि समोर टेबलाशी काका. व्हेटो रद्द करण्याच्या बाजूने सत्तावीस हात, विरुद्ध तेरा. सत्तावीसमध्ये माझाही एक होता.

मी कागदावर हिशोब केला आणि थांबले. चाळीसचे दोन तृतीयांश सव्वीस पूर्णांक सदुसष्ट, म्हणजे सत्तावीस पुरेत. पण काकांना हजर धरलं तर घरं एक्केचाळीस, आणि मग अठ्ठावीस लागतात. अध्यक्षाला मत नाही एवढं अकरा पानांत होतं. हजेरीत त्याला धरायचं की नाही, हे लिहायचं काका विसरले होते.

काकांचे मित्र शिरीष नेने उठले. "अहो, काका समोर बसलेत. हजर नाहीत म्हणायचं का आता?" लोक हसले. नाचाच्या बाजूच्यांनीही माना डोलावल्या. काकांना हरवायला कुणीच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही एक्केचाळीसच म्हणायचं होतं.

काकांनी चष्मा काढला. "वैशाली, आकडे काय म्हणतात?"

"तुम्हाला मोजलं तर वर्ग राहतो, काका. नाही मोजलं तर जातो."

"मग मोजू नकोस," ते म्हणाले. "ज्याचा नकार तपासायला सभा बसलीय, त्याच्याच हजेरीने पारडं जड करायचं नाही. तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला काँग्रेसमध्ये, त्यांच्या संसदेत, मोजत नाहीत. इथेही नाही."

ठराव संमत झाल्याचं त्यांनीच वाचून दाखवलं. मग नेहमीप्रमाणे खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या आणि कपाटातून काकूंचा बाराखडीच्या कार्डांचा डबा काढून घेतला. मी ट्रामच्या स्टॉपपर्यंत सोबत गेले. माझं मत नाचाला होतं, हे मी त्यांना सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तू हात सरळ वर केला होतास. निम्मी मंडळी खांद्यापर्यंतच करत होती. तसला हात मला आवडत नाही."

पुढच्या शनिवारी पाच मुलं त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत बसली. ईशा त्यांतली एक. काकूंसारखं शिकवणं काकांना जमत नसे. बाराखडी संपली तसे ते आपल्या विषयाकडे वळले. ईशा घरी येऊन सांगायची, "आई, प्रेसिडेंट किंग नाही. कोर्ट नाही बोलला तर त्याला ऐकायला लागतो." व्याकरणाची वाट लागलेली होती, पण सांगत मराठीतच होती. हळूहळू पाचाची नऊ मुलं झाली, मग चौदा. खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. दोन मुदती संपल्यावर काकांनी अध्यक्षपद सोडलं. लोकांनी खूप आग्रह केला, तेव्हा त्यांनी फक्त घटनेचं सहावं पान उघडून दाखवलं: कुणालाही दोनच मुदती.

२००९ च्या फेब्रुवारीत काका गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. समोर खुर्चीवर हार घातलेला फोटो. शनिवारची वेळ मराठीच्या वर्गाला परत द्यावी, असा ठराव नाचाच्या क्लासच्या बाईंनीच मांडला. कुणीतरी म्हणालं, यात मोजायचं काय? मी मोजले. ईशा तेरा वर्षांची झाली होती. तिने हात वर केला होता, तो मी खाली घ्यायला लावला, कारण घराचं मत एकच. बाकी सगळे हात पूर्ण वर होते. त्रेपन्न घरं, त्रेपन्न हात.

नेने माझ्या शेजारी बसले होते. फोटोकडे बघत हळूच म्हणाले, "हजर चौपन्न लिही की गं."

मी त्रेपन्न लिहिले.