घरापर्यंत रस्ता नाही

"दीदी, मिलिंद भैया उठ नहीं रहे," असा शेजारच्या दुबे भाभींचा फोन आला, तेव्हा मी नागपूरला मेथी निवडत बसले होते. मी म्हटलं, हलवून बघा, त्याला लहानपणापासून हलवूनच उठवावं लागतं. त्यावर भाभी म्हणाल्या, "दीदी, आप बस आ जाइए," आणि मला सगळं कळलं. मिलिंद माझा धाकटा भाऊ. जबलपूरला, रांझीतल्या आमच्या घरात एकटाच राहायचा, रिछाईच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. झोपेतच गेला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. या आठवड्यांत मला रडू कमी आलं आणि किळस जास्त आली, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेल्यावर लिहितात तसं गोड गोड मला जमणार नाही. ज्यांना तसं हवं असेल त्यांनी इथूनच पान उलटावं.

किळसेची सुरुवात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातच झाली. वंदना झाली, भंतेजींचं बोलून झालं आणि आमचा मोठा भाऊ सुरेशदादा माईकपाशी गेला. दादा केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेला, त्यामुळे माईक दिसला की त्याला राहवत नाही. "माझा भाऊ कॉम्प्युटरचा मोठा जाणकार होता," तो म्हणाला, "आमच्या समाजाचं भूषण होता." मी मान खाली घातली, कारण वर पाहिलं असतं तर तोंडातून काहीतरी निघालं असतं. हाच दादा दर दिवाळीला मला फोनवर सांगायचा, "कुंदे, हा पन्नाशीला आला न, अजून गेम खेळून राहिला. काहून, त्यालेच ठाऊक. लोकं हसतात आपल्याले." मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. जेवणाच्या पंगतीत तर एक चुलत वहिनी दुसऱ्यांदा बुंदी घेता घेता म्हणाली, "लग्न केलं असतं तर वाचला असता बिचारा." बुंदी मात्र तिला अजून हवी होती.

तो गेम खेळत नव्हता. म्हणजे खेळायचाही, पण त्याचं खरं काम वेगळं होतं, आणि ते सांगायचं तर आधी क्वार्टरचं सांगावं लागेल.

आमचे बाबा रांझीच्या सरकारी कारखान्यात होते. आमच्यासारखी विदर्भातून गेलेली कितीतरी घरं तिथल्या इस्टेटीत, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, होती. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग निघायची आणि दुसरा भोंगा झाला की परत यायची. आमचा सगळा दिवस त्या भोंग्यावर चालायचा, आई भातसुद्धा भोंग्यावर टाकायची. क्वार्टरला दोन खोल्या, मागे अंगण, आणि पुढच्या फाटकाच्या अगदी तोंडाशी मिलिंदनं लावलेलं पेरूचं झाड. कुठून तरी रोप आणून त्यानं ते चुकीच्या जागी लावलं होतं. येता-जाता प्रत्येकाच्या खांद्याला फांदी लागायची, बाबांची सायकल तिरकी करून आत घ्यावी लागायची, पण झाड काढा असं कोणी म्हणालं नाही. पेरू आतून गुलाबी निघायचे. इस्टेटीत वाढलेल्या पोरांना एक गोष्ट पाळण्यातच कळते, की हे घर आपलं नाही. बाबा निवृत्त झाले की ते रिकामं करून, चुना मारून, नळ-दिवे दाखवून परत द्यायचं. लावलेलं झाडही सरकारचं. कळतं सगळ्यांना, पण ती वेळ आल्यावर प्रत्येक घर असं वागतं की जणू हे फक्त आपल्याच वाट्याला आलं. आईनं निघताना ओटा तीनदा पुसला. मिलिंद तेव्हा कॉलेजात होता. तो झाडाला टेकून उभा राहिला होता आणि बाबा त्याला म्हणाले, "चल बाबू, झाड कुठी जाते? येऊन पाहत जाशील."

बाबांनी इस्टेटीबाहेर छोटं घर बांधलं, तिथं आम्ही गेलो. मग एक दिवस मिलिंद झाड पाहायला गेला. नव्या लोकांनी ते तोडलं होतं. तो गृहस्थ वाईट नव्हता, त्यानं मिलिंदला पाणीही विचारलं. "स्कूटर अंदर लेनी थी न भैया," तो म्हणाला, "रास्ता तो चाहिए." मिलिंदनं घरी येऊन हे एकदाच सांगितलं, तेही हात धुता धुता. पुढे तर त्या ओळीतली क्वार्टरंच जुनी म्हणून पाडली, भिंत घातली, आणि आता तिथं जायला वाटच नाही.

गेम त्याच्या आयुष्यात आला तो बराच नंतर, एका सेकंडहँड कॉम्प्युटरबरोबर. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, सांगते. बुद्धिबळासारखा खेळ समजा. पडद्यावर जंगल, नद्या, किल्ले, जादूगार आणि ड्रॅगन. आपला एक घोडेस्वार. तो एका दिवसात ठरावीकच चालतो. मग 'दिवस संपवा' असं बटण दाबायचं, की दुसऱ्या दिवशी पुढे. सुरुवातीला सगळा नकाशा काळोखात असतो. आपण चालू तसा उजळतो, किंवा एखाद्या टेहळणी बुरुजावर चढलं की एकदम दूरवरचं दिसतं. गेमबरोबर कंपनीनं दिलेले नकाशे काही महिन्यांत खेळून संपतात. पण नकाशे बनवायचं साधनही सोबतच मिळतं, आणि मग जगभरातले वेडे घरी बसून आपापले नकाशे बनवतात, एकाला एक जोडून त्यांची लांब गोष्ट रचतात, तिला ते मोहीम म्हणतात, आणि एका वेबसाइटवर फुकट ठेवतात. कंपनी तो गेम कधीच विसरलेली असते. हे लोक विसरत नाहीत. मिलिंद त्यांतलाच एक.

मी त्याला एकदा विचारलं होतं, की तयार नकाशे असताना दुसऱ्याचे घरगुती नकाशे लोक कशाला खेळतात? तो म्हणाला, "ताई, कंपनीचा नकाशा म्हणजे हॉटेल आहे. सगळं बरोबर राहते. पण माणसानं बनवलेल्यामध्ये कळते न... की इथं हा थकला असंन म्हणून यानं विहीर ठेवली. इथं याले कोणाची तरी आठवण आली असंन. अनोळखी माणसाच्या घरात जाऊन बसल्यासारखं वाटते." त्याचं हे बोलणं मला तेव्हाच पटलं होतं. आपल्या नकाशांतल्या पाट्यांवरचा मजकूर तो इंग्रजी अक्षरांत मराठीतून लिहायचा, खाली मोडकं इंग्रजी, आणि मराठी मला फोनवर वाचून दाखवायचा. मी मराठीची मास्तरीण. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण याच्याइतकी खिचडी मराठी पाहिली नाही. "तुझं मराठी ऐकून तुझा ड्रॅगनसुद्धा जंगलात पळून जाईल," मी म्हणायची. तो हसायचा आणि एक शब्द बदलायचा नाही.

त्याची मोठी मोहीम बनायला कित्येक वर्षं लागली. तिच्यात एक राज्य आहे. तिथं सकाळी शिंग वाजतं आणि सगळे डोंगराच्या पोटात कामाला जातात. म्हातारे होऊन बाहेर आले की राजानं दिलेला किल्ला राजाला परत करायचा. शेवटच्या नकाशात कोणाशी लढाईच नाही. आपला म्हातारा सरदार सगळीकडे फिरतो, खाणी नीट करतो, सैनिकांना घरी पाठवतो, आणि किल्ला रिकामा, स्वच्छ, दारं उघडी ठेवून निघतो. तो निघाला की आपण जिंकलो. पोलंडमधल्या एका खेळाडूनं त्याला पत्र लिहिलं होतं, की माझे वडील खाणीत होते, आम्हीही कंपनीचं घर असंच पुसून परत दिलं, तुला हे कसं कळलं? मिलिंदनं ते मशीनकडून हिंदीत करून मला वाचून दाखवलं. वाचता वाचता मध्येच म्हणाला, "चलो, ठेवतो फोन. दूध उतू जाऊन राहिलं." दूधबीध काही नव्हतं.

त्याच शेवटच्या नकाशात, एका कोपऱ्यात, झाडीनं चारी बाजूंनी वेढलेलं एक लहान घर आहे. धुराडं असलेलं. बुरुजावर चढलं की ते दिसतं, पण तिथं जाता येत नाही. झाडीत एकच झाड निराळं आहे, फळांचं, अगदी घराच्या तोंडाशी. बाकी दाट जंगल. खेळाडू वर्षानुवर्षं भांडले त्यावरून. काही म्हणाले खजिना आहे, काही म्हणाले नकाशा बनवणाऱ्याची चूक आहे. नकाशा बनवणारे ही चूक नेहमीच करतात म्हणे, एखादी वस्तू ठेवतात आणि वाट ठेवायला विसरतात. मिलिंदचं उत्तर ठरलेलं होतं. "रस्ता नाही. पाहा फक्त."

तर आता दुसऱ्या एका फोनकडे येते. पुण्यानुमोदनानंतर मी रांझीच्या घरीच थांबले होते. इंदूरहून शशांक नावाच्या एका खेळाडूचा फोन आला. आवाज नम्र, दर वाक्याला दीदी. म्हणाला, भैया हमारे लिए गुरु थे, त्यांच्या आठवणीत आम्ही पाच-सहा जणांनी मिळून मोहिमेची खास स्मृती-आवृत्ती केली आहे. मला भरून आलं, खरं सांगते. मी म्हटलं, कशी केलीत? "दीदी, वो घर वाला बग था न, वो हमने ठीक कर दिया. अब रास्ता है. और अंदर भैया खुद मिलते हैं! फोटो लगाई है. भैया आपकी सेना में आ जाते हैं, साथ में सात काले ड्रॅगन." काळे ड्रॅगन म्हणजे त्या खेळातलं सगळ्यात मोठं बक्षीस. माझा भाऊ, ज्यानं शेवटच्या नकाशातून लढाईच काढून टाकली होती, तो आता बक्षीस म्हणून वाटला जाणार होता. मी विचारलं, "रास्ता कैसे बनाया?" "सिंपल था दीदी. एक पेड़ अलग टाइप का था, वही हटा दिया."

तेच झाड. एवढ्या जंगलातलं नेमकं तेच.

दारातून उंट आत जावा म्हणून भिंत पाडायला लावणारा शहाणा गोष्टीत असतो, आपण हसतो. माझ्या भावानं तो दोनदा पाहिला, एकदा जिवंतपणी आणि एकदा मेल्यावर. त्याला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. असं एक घर, की ज्याच्या दारातलं झाड कोणाच्याही सोयीसाठी तोडता येणार नाही. जमिनीवर ते मिळालं नाही म्हणून त्यानं ते नकाशात केलं. आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच कुऱ्हाड घातली, वर त्याचाच फोटो लावून.

शशांकला माझी परवानगी हवी होती. वेबसाइटचा नियम असा, की मूळ बनवणाऱ्याच्या घरच्यांनी हो म्हटलं तरच जुनी मोहीम काढून त्या जागी नवी ठेवता येते. मी त्याला क्वार्टरची सगळी हकीकत सांगितली. तो चाचरत म्हणाला, "दीदी, समझ रहा हूँ. पर पुराना वाला अब कोई नहीं खेलता. लोग अटक जाते हैं, चिढ़ जाते हैं. नया रखेंगे तो भैया का नाम चलेगा." तो खोटं बोलत नव्हता, हेच जास्त चीड आणणारं होतं. दादाला सांगितलं तर दादा म्हणाला, "होऊन जाऊ दे न कुंदे. फोटो राहीन, नाव राहीन. एका झाडासाठी काहून अडून बसली?" चार दिवस मी विचार केला. एकीकडे त्याचं नाव होतं, दुसरीकडे त्यानं केलेली गोष्ट, आणि दोन्ही एकत्र राहणार नव्हती. जिवंतपणी ज्यांना त्याच्या नावाची लाज वाटली, त्यांना आता तेच नाव हवं होतं, आणि त्यासाठी झाड द्यायचं होतं मी! पाचव्या दिवशी मी शशांकला नाही म्हणून कळवलं. त्यांनी आपली आवृत्ती शेजारी वेगळी टाकली, ते त्यांना कोण अडवणार. सगळे तीच खेळतात. मिलिंद त्यांच्याबरोबर लढाया करत हिंडतो. त्याच्या जुन्या पानावर आता कोणी फिरकत नाही. दादा माझ्याशी बोलत नाही, त्याचं मला फारसं दुःख नाही.

मी अजून रांझीलाच आहे. त्याच्या खोलीत त्याची खुर्ची आहे, उशी बांधलेली, आणि तो कॉम्प्युटर, ज्याच्या पंख्याचा आवाज चक्कीसारखा येतो. कारखान्याचा भोंगा इथून अजून ऐकू येतो. सकाळचा भोंगा झाला की मी चहा घेऊन बसते आणि शेवटचा नकाशा उघडते. घोडेस्वाराला हळूहळू नेते, कारण मला अजून नीट जमत नाही. तो बुरुजावर चढतो आणि कोपरा उजळतो. घर, धुराडं, आणि दाराशी पेरू. खेळाच्या झाडांत पेरू नसतो, कसलंसं परदेशी फळझाड आहे ते, पण पेरूच आहे. मग मी घोडेस्वाराला खाली उतरवून जंगलाच्या कडेशी आणून उभा करते. पुढे जाता येत नाही. मी 'दिवस संपवा' दाबते. दुसरा दिवस उगवतो आणि झाड तिथंच असतं.