फाट्यावरून दिसणारा रंग

माझे बाबा आयुष्यभर सरकारी जीप चालवत होते आणि त्या जीपमध्ये आमच्या घरातलं माणूस कधी म्हणून बसलं नाही. ड्रायव्हर नियमाचा पक्का, असं आमच्या इंझोरी गावात सगळे कौतुकानं म्हणायचे. मला त्या पक्केपणाचा राग यायचा. साहेबांच्या बायकोची चुलतबहीण त्याच जीपनं वाशीमला जायची, साहेबांची भाजी जायची, एकदा तर त्यांची शेळीसुद्धा गेली. माझी आई मात्र गाठोडं घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असायची.

आईचं माहेर धनजचं. सणावाराला, कुणाच्या बाळंतपणाला ती मला घेऊन निघायची. एसटीचा काही नेम नसे. अशा वेळी लांबून धूळ उठायची आणि तिच्यातून ती राखी रंगाची जीप बाहेर यायची. आईला ठाऊक असायचं, ती थांबणार नाही. तरी ती वाकून गाठोडं उचलायची. जीप जवळ आली की बाबा समोर बघत एकदा हळूच हॉर्न वाजवायचे, तेवढंच. बाजूला साहेब बसलेले. जीप निघून गेली की आई गाठोडं परत खाली ठेवायची आणि माझ्या डोळ्यांतली धूळ पदरानं पुसायची. दर वेळी हेच. मी चिडून विचारायची, "उचलतेच कायले?" ती हसायची. म्हणायची, "हाताले सवय लागली माय."

एकदा अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना तिनं हा विषय बाबांपुढं काढला. भांडणाच्या सुरात नाही, चेष्टेतच. "आपली सोताची गाडी घ्यान ना, तवा तिले असा रंग द्या का मले फाट्यावरूनच समजलं पाह्यजे, हे आपली हाय, हे थांबते. मंग मी गाठोडं फुकट उचलनार नाही."

बाबा म्हणाले, "कोनता देऊ? सांगून ठेव."

तिनं पदराचं टोक पुढं धरलं. "ह्याचा. असा रंग सरकारजवळ नसते."

मोरपंखी लुगडं होतं ते, लाल काठाचं. मोरपंखी असं आपलं म्हणायचं. मला आठवतं तेव्हा त्याचा रंग धुऊन धुऊन उतरला होता. ढगाळ दिवशी तळ्याचं पाणी दिसतं तसा तो मवाळ, राखेकडं झुकलेला रंग. मी त्याच लुगड्यावर डोकं ठेवून झोपले, त्यालाच तोंड पुसलं. माझ्यासाठी आईचा रंग म्हणजे तो. पुढं ते विरलं आणि आईनं त्याची गोधडी शिवली.

बाबा रिटायर व्हायच्या आदल्या उन्हाळ्यात आई गेली. मला तेव्हा नुकतीच शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती, दूरच्या गावी. शनिवारी यायची, सोमवारी सकाळी परत. रिटायर झाल्यावर बाबांनी काय करावं? कारंज्याच्या एका डॉक्टरांची जुनी अँबेसडर घेतली. काळी कुळकुळीत. इंजिन चांगलं होतं, अंगावर मात्र ठिकठिकाणी गंज. रंग तर द्यावाच लागणार होता, आणि मग काय, अख्खं गाव सल्ला द्यायला तयार. एक म्हणे पांढरा मारा, लग्नाच्या सवाऱ्या मिळतील. आमच्या वस्तीतली पोरं म्हणाली, निळा मारा. बाबा म्हणाले, "निया झेंडा हाय ना घरावर, लय झाला."

त्यांच्या मनातला रंग मला एकटीलाच माहीत होता. एका शनिवारी मी घरी आले तर ते ओट्यावर गोधडी मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "उद्या वाशीमले चाल माह्यासंग. पेंटर नमुना मागून राह्यला."

पेंटरचं काम स्टेशनच्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. आमची गाडी घासून, रंगाआधीचं राखी अस्तर लावून उभी होती आणि एखाद्या आजाऱ्यासारखी फिकट दिसत होती. बाबांनी काखेतली गोधडी पुढं केली. पेंटर तिच्याकडं बघतच राहिला. "ड्रायव्हरसाब, मी नमुना म्हणलो होतो. तुमी बिछाना घेऊन आले!"

आम्ही तिघंही हसलो. मग मी बोटानं दाखवलं, यातला हा तुकडा. पेंटर म्हणाला, एवढं ओझं गाडीला कसं लावून बघू, जरा कोपरा सोडवून द्या. मी दातानं दोरा तोडला आणि टाके उसवले. शिवणीत आत दुमडलेली कापडाची पट्टी मोकळी झाली.

आतलं कापड ऊन-पाणी न लागलेलं होतं. तो रंग मी कधी पाहिलाच नव्हता. गडद, चकचकीत, हिरव्यातून निळा निघावा असा. एकाच तुकड्यावर दोन रंग, मध्ये टाक्यांची रेघ. बाबांनी ती पट्टी अंगठ्यानं सपाट केली आणि उजेडाकडं वळवली.

"हाच," ते म्हणाले. "हाच तो."

"कोनता? आतला का बाहेरचा?" पेंटरनं विचारलं.

बाबा म्हणाले आतला. मी म्हणाले बाहेरचा. दोघंही एकदमच बोललो.

खरं सांगते, मला तो आतला रंग परका वाटला. सुंदर होता, पण माझ्या आईचा नव्हता. मी म्हणाले, "बाबा, आई अशी नव्हती. आई ह्या रंगाची होती." बाबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुह्यासाठी. मी हे लुगडं इथंच वाशीमच्या बजारात घेतलं होतं, तू झाली तवा. तुले मांडीवर घेऊन ते हे नेसून बसली होती. लय साजरी दिसे."

म्हणजे मीही तो पाहिला होता, अगदी जवळून. आठवत नाही एवढंच. मला एकदम इतकं भरून आलं की मी शेडबाहेर जाऊन उभी राहिले. बाबांना जी तरणीताठी आई आठवत होती तिला मी ओळखत नव्हते, आणि मला जी हवी होती ती त्यांना दमलेली दिसत असणार. दोघांना एकच बाई परत हवी होती आणि रंग मात्र एकच द्यायचा होता.

पेंटर वैतागला. त्यानं डब्यात हिरवा-निळा कालवून दाराच्या पत्र्यावर दोन ठिगळं ओढली, एक आतलं, एक बाहेरचं. "बाप-बेटी ठरवा. मी चहा पिऊन येतो."

बाबा म्हणाले, "चाल, रस्त्यावरून पाहू. तिनं काय म्हनलं होतं? फाट्यावरून दिसला पाह्यजे."

आम्ही रस्त्यानं चालत लांबवर गेलो, पार लिंबाच्या झाडापर्यंत, आणि वळून बघितलं. दुपारच्या उन्हात आतला रंग तिथूनही ठळक दिसत होता. माझा रंग शोधावा लागला. अस्तराच्या राखेत तो मिसळून गेला होता. जो काही दिसत होता, तो मला चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी धुळीतून बाहेर यायची त्या जीपचा रंग.

"पाह्य," बाबा हळू आवाजात म्हणाले, "दुरून सरकारी वाटते."

आईला फाट्यावरून ही गाडीसुद्धा न थांबणारी सरकारी जीपच वाटली असती. परत येऊन मीच पेंटरला सांगितलं, आतला मारा. सांगितलं खरं, पण मन काही मानत नव्हतं. घरी जाताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. गोधडी पेंटरकडं राहिली होती, आणि त्या रात्री तिच्यावाचून मला घर रिकामं वाटलं.

पुढच्या रविवारी बाबा गाडी आणायला एकटेच गेले. रंग वाळायचा होता म्हणून रात्री तिकडंच थांबले. सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी पिशवी घेऊन फाट्यावर आले. एसटीचा पत्ता नव्हता. पिशवी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला. अंगावर आईचंच एक पातळ होतं.

लांबवर धूळ उठली. आधी धुळीशिवाय काही दिसेना. मग तिच्यातून तो रंग बाहेर आला. त्या काळ्या रानात, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मधोमध, असं काही मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हसूच आलं मला, इतकी ती गाडी नवरीसारखी नटली होती. आणि मला काही कळायच्या आत मी वाकले होते आणि पिशवी माझ्या हातात होती.

मला पहिल्यांदा समजलं, दर वेळी गाठोडं उचलताना आईला काय होत असेल ते. फरक इतकाच, की गाडी थांबली.

बाबांनी काच खाली केली. "काहून रडून राह्यली वो बाई? रंग चांगला नाही का?"

"चांगला हाय," मी म्हणाले.

पुढच्या सीटवर गोधडी घडी करून ठेवलेली होती, उसवलेला कोपरा वर. ते ती उचलून मागं टाकायला लागले तशी मी म्हणाले, "राहू द्या बाबा. तिथंच राहू द्या." आणि मागचं दार उघडून, पिशवी मांडीवर घेऊन बसले.

बाबांनी गिअर टाकला. मग निघायच्या आधी त्यांनी एकदा हळूच हॉर्न वाजवला. फाट्यावर कुणीही नव्हतं.