बिनकडियाळ्याची चंद्री

"मॅडम, पुढे चला," परीक्षक म्हणाले.

मीही तेच म्हणत होते, घोडीला. टाच लावून सांगितलं, कंबरेने सांगितलं, शेवटी हळूच हातापाया पडले. चंद्री ढिम्म. धुळ्याच्या त्या मैदानावर शिरपूरहून आलेलं निम्मं गाव आमच्याकडे बघत होतं.

मी शिरपूरला रायडिंग शिकवते. चंद्री माझी नव्हे. ती शिंदखेड्याकडच्या एका नानांची, लग्नात नवरदेव मिरवणारी घोडी. घोड्याच्या तोंडात लगामाची जी लोखंडी कडी बसते तिला कडियाळं म्हणतात. नानांचं कडियाळं काटेरी होतं. वरातीत ढोलताशा, फटाके, नाचणारे मामा. घोडी उधळू नये म्हणून ते लगाम खेचायचे आणि चंद्रीची जीभ सोलून निघायची. डॉक्टरांनी लोखंड बंद करायला सांगितलं. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून नानांनी तिला माझ्याकडे आणून बांधली.

मी तिला बिटलेस ब्रायडल घातला. म्हणजे म्होरकीसारखाच, पण बांधणी वेगळी. तोंडात काही नाही. लगाम ओढला की दाब नाकाडावर आणि गालांवर येतो.

नानांनी तो बोटांनी चाचपून पाहिला. "ताई, तोंडमा लोखंड नही, मंग घोडी कशी थांबी?"

"थांबते, नाना. स्पर्धेला या, दाखवते."

"येस. पण तठे जमनं नही ते तुयशीना लग्नले मी मनं कडियाळं घालसू. मंग माले काही सांगू नका."

ती जीभ आत्ता कुठे भरत आली होती. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू, आणि पुन्हा तेच काटेरी लोखंड.

स्पर्धा ड्रेसाजची. घोड्याने ठरलेल्या रेषेत, ठरलेल्या चालीने जायचं आणि स्वार काही करतोय असं दिसू द्यायचं नाही. मोठ्या स्पर्धांत बिटलेस चालत नाही. ही क्लबची घरगुती होती, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, "चालेल, पण घोडी पळाली तर जबाबदारी तुमची."

घोडी पळण्याची सगळ्यांनाच काळजी. ती न पळण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही.

आता आमच्याकडचा पाहुणचार. पुण्याहून परीक्षक आले, फौजेतले निवृत्त. त्यांना नुसत्या टेबलाशी बसवणार कसं? लग्नाचा मांडववाला बोलावला. झालर, झेंडूचं तोरण, लाल गालिचा. परीक्षकांना फेटा, अध्यक्षांना फेटा. मी ते सकाळीच पाहिलं होतं आणि छान दिसतंय म्हणालेही होते.

चंद्रीनेही पाहिलं. आत शिरून मैदानाच्या मधोमध थांबायचं, सलाम करायचा आणि पुढे जायचं, असा आमचा पाठ. चंद्री मध्य ओलांडून सरळ तोरणापाशी गेली, फेट्यांसमोर चारी पाय जुळवून उभी राहिली आणि वाट बघू लागली. मी सवयीने सलाम केला. परीक्षकांनीही गोंधळून केला.

गर्दीतून नानांच्या घरच्या अक्का ओरडल्या, "अहो, तिले डाळ द्या! डाळ खाल्ल्याशिवाय ती मांडवपुढून हालस का?"

वरात दारात आली की घोडीला ओवाळून भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारतात. जन्मभर तिने हेच केलं होतं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, वेळ संपली. एलिमिनेटेड." मग इकडेतिकडे बघत त्यांनी स्वतःच्या बशीतलं बिस्किट पुढे केलं. चंद्रीने ते खाल्लं, मान हलवली आणि इतक्या डौलात वळून चालू लागली की टाळ्या पडल्या. मला मात्र रडू येत होतं. स्पर्धा गेली त्याचं काही नाही. ते काटेरी लोखंड डोळ्यांसमोर आलं.

बाहेर नाना उभेच होते. मी खाली उतरून म्हटलं, "नाना, चुकलंच. चाललीच नाही."

"चालाले कोन सांगी ऱ्हायनं?" नानांचा चेहरा फुलला होता. "माले भेव व्हतं ती पळी जाई. एवढा बठ्ठा लोके, भोंगा, आनि ती खांबानी मायक उभी! ताई, वरातमा माले हाईच जोयजे."

ब्रायडल ते त्याच दिवशी घेऊन गेले, वर गोंडे लावायचे म्हणून. चंद्रीची जीभ आता बरी आहे.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला काय दाखवायचं ते आधी नीट ऐकून घ्यावं. नानांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घोडी थांबेल कशी. मी मात्र ती चालते किती छान, तेच शिकवत बसले होते.