ओळखीचा हात

उमेळ्याला आमच्या केळीच्या वाडीत दोन माडांना तार बांधून मी हौशी रेडिओवाला झालो, तेव्हा बायको म्हणाली, "झालं! आता बोला कावळ्यांशी." बोलणं कसलं, नुसती मोर्सची कडकट्ट. पण तिच्यातूनच मला मलबारातला एक शाळामास्तर मित्र मिळाला. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. तरी माझ्या विहिरीचं पाणी कुठवर उतरलंय, हे माझ्या सख्ख्या भावापेक्षा त्याला जास्त ठाऊक असायचं. बायकोनं एकदा त्याला टपालानं घरच्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी पाठवली, तेव्हापासून तो तिचा भावजी झाला.

आमच्यात माणूस हातावरून ओळखतात. बटण दाबून टिंबं-रेघा पाठवायची प्रत्येकाची लकब निराळी. हा गडी शेवटची रेघ हमखास लांबवायचा, जेवण झालं तरी पाटावरून न उठणाऱ्या पाहुण्यासारखी.

मग त्याची छाती बिघडली. "बरा झालो की आमच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर स्टेशन लावतो, तिथून तुला हाक मारीन," म्हणाला आणि बंद पडला. पत्रांना उत्तर नाही. मी रोज त्याच्या वेळेला कान लावून बसायचो. बायको विचारायची, "आले का हो भावजी?" आणि मी उगाच तिच्यावर खेकसायचो.

पुढे मुंबईच्या एका रेडिओवाल्याकडून कळलं, त्या बेटावर स्टेशन लागणार आहे, थोडेच दिवस. अशा क्वचित लागणाऱ्या स्टेशनला गाठायला जगभरचे रेडिओवाले तुटून पडतात. ते लागलं त्या दुपारी मी यंत्र लावलं आणि गर्दीच्या कलकलाटात तोच हात! तीच लांबलेली रेघ! "जिवंत आहे लेकाचा!" मी ओरडलो. बायको वाडीतून चिखलाच्या हातांनीच धावत आली.

माझं यंत्र किरकोळ. मोठ्या यंत्रांच्या आवाजात माझी हाक बुडत होती. मी शिव्या देत हाका मारत राहिलो, बायको चूल न पेटवता शेजारी बसून राहिली. ऊन कलल्यावर एकदाचं बेटानं माझं नाव घेतलं.

रिवाज असा की अशा स्टेशनशी गप्पा मारायच्या नाहीत. आवाज कसा येतो ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं, मागे रांग असते. खड्ड्यात गेला रिवाज! मी विचारलं, "तब्येत कशी आहे रे, म्हाताऱ्या?"

मग उत्तर आलं, "ते गेले. मी त्यांची बायको. हात त्यांच्याकडूनच शिकले. तुम्हाला बेटावरून हाक मारायची राहिली, म्हणून आले."

माझं तोंड बघून बायकोला कळलंच. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "तिच्या सोबतीला कोण आहे विचारा."

"अगं, रांग आहे."

"जळो तुमची रांग! विचारा."

मी कान देऊन ऐकलं. एकही स्टेशन हाक मारत नव्हतं. मोर्स सगळ्यांनाच ऐकू येतो, सगळ्यांनी ऐकलं होतं.

मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांचे मित्र आहेत. तुम्ही बोला थोडं. त्यांच्याशी बोलायचात तसं."

मग मी विहिरीचं सांगितलं, केळीच्या लोंगरांचं सांगितलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, अक्षरामागून अक्षर चुकत होतं. कुणी मध्ये आलं नाही, आणि तिनंही मला एकदासुद्धा थांबवलं नाही.