ब्रेंडाची डायरी आणि माझा लॉग

"अहो गायकवाड, तुमचा लॉग म्हणतोय, आमच्या रिसेप्शनच्या ब्रेंडाने अपॉइंटमेंट कॅन्सल केली. ती म्हणतेय, मी हातसुद्धा लावला नाही. पेशंटने कम्प्लेंट केलीय आणि उद्या तिची डिसिप्लिनरी मीटिंग आहे. जॉब जाईल हो तिचा."

लीड्सच्या एका हॉस्पिटलमधून डॉ. कांबळे मॅडमचा फोन होता. मी मेडनहेडच्या ऑफिसात, हातात सँडविच. त्यांचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आमच्या टीमने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं. त्यातला लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं याची नोंद, माझ्याकडे.

"मॅडम, लॉग खोटं बोलत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही मी कान धरतो.

महिन्यापूर्वीच मी लॉगिंग फास्ट केलं होतं. प्रत्येक क्लिकचा एक लॉग इव्हेंट तयार होतो. तो सिरियलाइझ करायचा, म्हणजे त्यातली माहिती मजकूर करून फाइलमध्ये उतरवायची. त्यात वेळ जातो. म्हणून मी इव्हेंट रांगेत लावून सवडीने सिरियलाइझ करायची सोय केली. स्क्रीन भराभर उघडू लागल्या. बॉसने केक आणला, मी दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी लीड्सला गेलो. मीटिंगमध्ये मॅडम, मॅनेजर गॅरेथ आणि बावीस वर्षं रिसेप्शन सांभाळणारी ब्रेंडा. तिच्या मांडीवर जाडजूड डायरी.

गॅरेथने प्रिंटआउट वाचला. "नऊ वाजून दोन मिनिटं. ब्रेंडा. पेशंट मिस्टर हिगिन्स. कॅन्सल्ड. पुढची ओळ, स्वतः हिगिन्स. कॅन्सल्ड." त्याने कागदावरून मान वर केली. "एकच अपॉइंटमेंट दोनदा कशी कॅन्सल होते?"

ब्रेंडाने डायरी उघडली. "९.०२. हिगिन्स, कन्फर्म्ड. त्यांच्या मोबाइलवर मेसेज गेला. माझ्यासमोरच उभे आहेत. चष्मा घरी विसरलेत. मेसेजमधलं नको ते बटण दाबणार असं दिसतंय."

आता मला उलगडा झाला. मी रांगेत इव्हेंटबरोबर अपॉइंटमेंटची प्रत ठेवलीच नव्हती, नुसता तिचा मेमरीतला पत्ता ठेवला होता. घराचा फोटो काढायचा सोडून पत्ता लिहून घ्यावा, तसं. रांग पुढे सरकेपर्यंत हिगिन्सनी मेसेजमधलं कॅन्सलचं बटण दाबलं. मग लॉगने त्या पत्त्यावर जाऊन पाहिलं, तर अपॉइंटमेंट कॅन्सल्ड. तेच ब्रेंडाच्या नावावर लिहिलं गेलं.

'तपासून कळवतो' म्हणून दोन आठवडे काढता आले असते. तेवढ्यात ब्रेंडाने माझ्याकडे पाहिलं आणि मला लाज वाटली.

"म्हणजे लॉग चुकलाय?" गॅरेथने विचारलं.

"लॉग नाही. मी चुकलोय."

गॅरेथने फाइल मिटली. "ब्रेंडा, चहा घेणार?"

"आधी सॉरी. मग चहा."

त्याने सॉरी म्हटलं. मीही म्हटलं. उपाय सोपा होता, रांगेत लावायच्या आधीच इव्हेंट सिरियलाइझ करायचा. स्क्रीन किंचित हळू होणार, आणि यावेळी केक येणार नव्हता.

ब्रेंडा लिहीत होती. "११.४०. गायकवाड. चूक मान्य."

"दुरुस्त केली, असंही लिहा ना," मी म्हणालो.

"केल्यावर," ती म्हणाली आणि डायरी मिटली. पंधरा वर्षांच्या नोकरीत लॉगिंग मला इतकं नीट कोणी शिकवलं नव्हतं.