थंडीत तगलेलं बेट

काल एम. पी. नगरात उसाच्या रसाचा वास आला आणि बाबांचं प्रयोगाचं शेत आठवलं. थंडी सोसणारा ऊस मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं उसाचा रानटी काँस गवताशी संकर करायचे.

मी लहान असताना एका सकाळी त्यांच्यासोबत शेतावर गेले, तर पानांवरचं दव गोठलं होतं. सगळा ऊस करपला होता, एकच बेट हिरवं होतं. बाबांनी त्यातल्या एका उसाचा शेंडा उभा चिरला. आतला कोंब पांढराशुभ्र, जिवंत. देवळात शिरताना काढाव्यात तशा बाबांनी गुपचूप चपला काढल्या.

मी त्याच उसाचं कांडं चावलं आणि थुंकलं. “बाबा, हे तर गवतच आहे!”

“गोडी पुढं आणू गं. आधी जगू तर दे त्याला.”

काल गोड रसाचा ग्लास हातात आला, बाबांनी ‘पुढं आणू’ म्हटलेली गोडी जिभेवर आली, तेव्हा भर रस्त्यात माझ्याही पायातल्या चपला निघाल्या.