चन्नवीरची बिनतारी वस्ती

सात रस्ता चौकाच्या आसपास चन्नवीर केबलवाल्याला ओळखत नाही, असं घर नव्हतं. तीस वर्षं त्यानं लोकांच्या गच्च्यांवरून काळ्या तारा ओढल्या. तार तुटली की शिव्या खायच्या आणि जोडली की नाव कुणी काढायचं नाही, असा त्याचा मानाचा धंदा. पुढे हातोहाती मोबाईल आले आणि शिव्या देणारेही कमी झाले. ते चन्नवीरला जास्त लागलं.

तशात बिनतारी पेटी आली. छपरावर पांढरी पेटी बसवायची; टीव्हीचे चॅनेल आणि इंटरनेट, दोन्ही हवेतून घरात. पेटीवाल्या कंपनीनं चन्नवीरला ‘तंत्रज्ञान भागीदार’ केलं. भागीदारीत त्याला निळा टी-शर्ट आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. शिडी त्याची त्यानंच आणायची होती.

“तारच न्हाय म्हटल्यावर तुमाला कशाला घेतलंय?” त्याच्या बायकोनं, दानम्मानं विचारलं.

“अनुभव बघून.”

“कशाचा? तारंचाच की.”

यावर चन्नवीरनं टी-शर्टाची घडी मोडली आणि तो होटगीकडे निघाला.

होटगीजवळच्या बारा घरांच्या एका वस्तीला कंपनी ‘शंभर टक्के बिनतारी’ करणार होती. पुण्याहून अभिमन्यू नावाचे तरुण साहेब लॅपटॉप घेऊन आले होते. पहिली पेटी अक्कम्माच्या छपरावर बसली. सत्तरी ओलांडलेल्या अक्कम्माला आपली कन्नड मालिका बघायची होती, इंटरनेटशी तिचं काही वाकडं नव्हतं.

टीव्ही लावला, पडदा काळा. साहेबांनी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं आणि बऱ्याच वेळानं निदान केलं, “सिग्नल आहे. फक्त इथे पोचत नाही.”

“म्हंजे पाऊस हाय, पर विजापुरात,” अक्कम्मा म्हणाली.

अडथळा दारातल्या जुन्या चिंचेचा होता. साहेबांनी ती तोडायचं सुचवलं.

“चिंच माझ्या सासऱ्यानं लावलीया,” अक्कम्मा शांतपणे म्हणाली. “तुमची पेटी काढा.”

दोन दिवसांनी कंपनीचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. अभिमन्यूच्या तोंडचं पाणी पळालं. चन्नवीर मात्र वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर चढला. तिथे पेटी धरली तर सिग्नल भरभरून. पण टाकी एकीकडे, घरं दुसरीकडे. तो खाली उतरला, गावातल्या एका ओळखीच्या केबलवाल्याकडे गेला आणि तासाभरानं टेम्पोतून काळ्या तारेची भेंडोळी घेऊन आला.

“तार?” अभिमन्यूनं इकडंतिकडं बघत विचारलं.

“रिपोर्टात लिवू नका म्हंजे झालं, साहेब. चिंचंतनं नेतो, दिसायची न्हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाराही घरांत टीव्ही बोलू लागले. पोरांचे मोबाईल चालू झाले. चन्नवीरच्या बोटांना बऱ्याच दिवसांनी तारेचे ओरखडे पडले होते आणि त्याला ते बरं वाटत होतं.

मोठे साहेब आले, टाकीवरची पांढरी पेटी बघून प्रसन्न झाले. चिंचेखाली उभे राहून त्यांनी ‘तारांच्या जंजाळातून मुक्ती’ यावर भाषण केलं. डोक्यावर वीतभर अंतरावरून तार गेली होती, ती त्यांना दिसली नाही. वर बघायची सवय नसावी. फोटो निघाला. चन्नवीरला मधे उभं केलं. पुढे कंपनीच्या पुस्तिकेत तो छापून आला, खाली ‘बिनतारी क्रांतीचा शिलेदार’.

आठ दिवसांनी सकाळीच फोन वाजला.

“चन्नवीर, माकडांनी तुजी बिनतारी तोडली बघ,” अक्कम्मा सांगत होती. “कालचा भाग गेला माझा. आठ दिवसांत एकबी भाग चुकला नव्हता. तुला काय लाज हाय का न्हाय?”

पुढची पाच मिनिटं ती कन्नडमधून शिव्या देत राहिली. चन्नवीर “व्हय अक्का, व्हय अक्का” म्हणत मन लावून ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्यानं शिडी बाहेर काढली आणि दानम्माकडे दोन भाकरी बांधून मागितल्या.